गॅरेजच्या कोब्यावर इपॉक्सी: आधी प्लास्टिक चिकटवा, मग इसार द्या



आजचा मेसेज फवारणीचा नाही, खताचाही नाही. मोठा आहे, सवडीने वाचा. घरात बांधकामाचं कोण बघतं त्यांनाही वाचायला द्या.

गेल्या काही दिवसांत बऱ्याच सभासदांचा एकच प्रश्न आला. "मॅडम, गणपतीआधी गॅरेजला इपॉक्सी मारून देतो म्हणतोय, आत्ता सवलत आहे, करू का?" आपल्याकडे गॅरेज म्हणजे नुसती गाडी ठेवायची जागा नाही. फेब्रुवारी ते मे तिथेच आंब्याची वर्गवारी होते, पेट्या भरल्या जातात, काजू बी वाळवून पोत्यांत राहते, काहींच्या घरी तर काजूगर सोलणं-निवडणंही तिथेच चालतं. उरलेल्या वर्षात पिकअप किंवा चाकरमानी भावाची गाडी. म्हणून फरशी चकचकीत, धुता येणारी, धूळ न उडणारी हवी असं वाटणं बरोबरच आहे. इपॉक्सी वाईट वस्तू नाही. पण ऑगस्टच्या पावसात, कोबा न तपासता मारलेलं इपॉक्सी म्हणजे पैसे पाण्यात. इथे तर ते अक्षरशः पाण्यात जातात, आणि ते पाणी खालून येतं.

*इपॉक्सी म्हणजे काय*

हा साधा रंग नाही. दोन डबे येतात, एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि पातळ द्रवाचा कडक, पाणी न शोषणारा थर बनतो. रंग "वाळतो", इपॉक्सी "पिकतं" असं समजा. पिकल्यावर ते डिझेल, तेल, साबण, आंब्याचा चीक यांना बऱ्यापैकी दाद देत नाही.

गंमत म्हणजे या धंद्यात आपला काजूही आहे. काजूच्या टरफलातून जे तेल निघतं, ज्याने हात भाजतात, त्यातून कार्डेनॉल नावाचं रसायन काढतात आणि त्यापासून इपॉक्सीचा एक प्रकारचा हार्डनर बनतो. त्याला फेनलकामाइन म्हणतात. दमट हवेत आणि थंडीत तो इतरांपेक्षा बरा पिकतो, म्हणून जहाजांच्या रंगकामात वापरतात. रंगाने जरा पिवळट-तपकिरी असतो एवढंच. ठेकेदाराला विचारून बघा, तुमचा हार्डनर कुठला? बहुतेक जण डब्याकडे बघायला लागतील.

*उखडतं ते खालून*

सगळ्यांना वाटतं, इपॉक्सी गाडीच्या वजनाने किंवा क्रेट ओढून निघतं. आपल्या भागात बहुतेक वेळा तसं होत नाही. आपली घरं जांभ्यावर, उताराला, अर्धा डोंगर तासून बांधलेली. वरच्या अंगाला जमीन उंच, खालच्या अंगाला अंगण. जून ते सप्टेंबर वरचं पाणी जांभ्यातून पाझरत घराच्या पायाखालून जातं. कोबा दिसायला दगड, पण आतून बारीक छिद्रांचा असतो. ती छिद्रं दिव्याच्या वातीसारखी खालची ओल वर ओढतात. उघड्या कोब्यावर ती ओल हवेत निघून जाते, तुम्हाला कळतही नाही. फार तर कोपऱ्यात पांढरा क्षार फुटतो.

आता त्यावर पाणी न सोडणारं झाकण घाला. ओल तिथेच अडते. कोब्यातले क्षार आणि चुन्याचा अंश त्या पाण्यात उतरतो, झाकणाच्या तळाशी साचतो आणि पकड सुटायला लागते. आधी रुपयाएवढे फोड येतात. फोड फोडला तर आत ओल किंवा चिकट पाणी निघतं. मग त्यावरून गाडीचं चाक गेलं की पोपडा. चाकाने पोपडा काढला हे खरं, पण पकड आधीच सुटलेली होती.

ज्यांनी कलिंगडाला किंवा मिरचीला मल्चिंग केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी मल्चिंग पेपर उचलला की खालून थेंबच थेंब. वरची माती कोरडी दिसत असली तरी खाली ओल आहेच. पेपर नसता तर ती उडून गेली असती. गॅरेजच्या कोब्याचंही असंच.

*तपासणी: दीड फुटाचा पारदर्शक कागद*

ही परीक्षा परदेशातल्या मानकांतही आहे, पण खर्च फक्त प्लास्टिक आणि चिकटपट्टीचा. साधारण ४०० गेजचा, म्हणजे १०० मायक्रॉनचा पारदर्शक पॉलिथिन कागद घ्या. दीड बाय दीड फुटाचे तीन तुकडे कापा. कोबा झाडून, त्या जागेपुरता घासून, कोरड्या कापडाने पुसून घ्या, नाहीतर पट्टी चिकटत नाही. एक तुकडा डोंगराकडच्या, म्हणजे वरच्या अंगाच्या भिंतीजवळ, एक मधोमध, एक शटरच्या आत दोन-तीन फुटांवर. चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद करा. ऊन थेट पडेल अशा जागी लावू नका, उन्हात निकाल चुकतो. किमान १६ तास, माझ्या मते पूर्ण एक दिवस एक रात्र ठेवा. त्यावर गाडी लावायची नाही, मुलांना सांगून ठेवा.

मग काढताना नीट बघा. कागदाच्या *वरच्या* बाजूला ओल असेल तर ती हवेतली. *खालच्या* बाजूला थेंब असतील, किंवा कागदाखालचा कोबा आजूबाजूपेक्षा गडद दिसत असेल, तर ओल कोब्यातून येतेय. एकच तुकडा ओला आणि दोन कोरडे निघाले तरी कोबा ओला धरायचा, कारण फरशी एकच आहे आणि फोड कुठेतरी एका ठिकाणीच सुरू होतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी ठेकेदार सहसा सांगत नाही. *ही परीक्षा दोनदा करायची. एकदा आत्ता भर पावसात, आणि एकदा काम सुरू करायच्या आधी डिसेंबर-जानेवारीत.*

का? समजा ठेकेदार प्रामाणिक आहे. जानेवारीत येतो, यंत्राने ओलावा मोजतो, आकडा चांगला येतो, काम करून जातो. त्याने काही फसवलेलं नाही. पण जुलैत तोच कोबा पुन्हा ओला होतो आणि झाकण वरून बंद असतं. पहिल्याच पावसाळ्यात फोड. जानेवारीचा आकडा खरा होता, फक्त तो जानेवारीचा होता.

दोन्ही वेळा कागद कोरडा निघाला तर तुमचा कोबा चांगला. खाली प्लास्टिक असेल किंवा जागा उंचावर असेल. खुशाल इपॉक्सी करा, पुढचं वाचून.

आत्ता ओला, डिसेंबरात कोरडा निघाला तर ओल पावसाळी आहे. बऱ्याच सभासदांचं हेच निघेल असं मला वाटतं. इथे आधी पाणी वळवा. वरच्या अंगाला, भिंतीपासून थोडं लांब, कोब्याच्या तळापेक्षा खोल चर खणून त्यात गोटे भरा आणि उताराला बाहेर काढा. छपराची पन्हळ तुटलेली असेल तर ती बदला. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडत असेल तर कितीही महाग इपॉक्सी आणा, उपयोग नाही. चर काढल्यावर पुढच्या पावसात पुन्हा कागद लावा. एक वर्ष थांबावं लागेल, हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण बागेत चुकीच्या जागी लावलेलं कलम पाच वर्षांनी उपटण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

दोन्ही वेळा ओला निघाला तर इपॉक्सीचा विषय सोडा. खाली दुसरे पर्याय दिलेत.

ओल सहन करणारे खास प्रायमर आणि तीन भागांचे इपॉक्सी-सिमेंटचे थर बाजारात मिळतात. ते खोटे नाहीत. पण त्यांनाही मर्यादा असते, ती कंपनीच्या माहितीपत्रकात आकड्याने लिहिलेली असते, खर्च वाढतो, आणि ज्या कोब्यावर पावसात पाणी डोळ्याला दिसतं तिथे तेही भरवशाचे नाहीत. ठेकेदार "आमचं प्रायमर ओलीवर पण चालतं" म्हणाला तर माहितीपत्रक मागा. किती टक्के ओलाव्यापर्यंत, हे त्यात दाखवून दे म्हणा. साध्या इपॉक्सीला बहुतेक कंपन्या ४ ते ५ टक्क्यांच्या आत ओलावा मागतात.

*नवा कोबा घालणाऱ्यांसाठी*

ज्यांचं शेडचं काम आता निघतंय त्यांचं नशीब चांगलं. सोलिंगवर वाळूचा थर, त्यावर १००० गेजचा म्हणजे २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, सांध्याला किमान सहा इंच एकावर एक आणि चिकटपट्टी, कडा भिंतीला वर चढवलेल्या, आणि मग काँक्रीट. कागदावरून घमेली घेऊन चालताना तो फाटतो. त्या दिवशी स्वतः उभे राहा. नंतर हे करता येत नाही. आयुष्यभराची ओल या एका कागदाने अडते.

आणि नवीन कोब्यावर लगेच इपॉक्सी नाही. "२८ दिवस झाले, चालेल" असं सगळे म्हणतात. २८ दिवसांत काँक्रीटला ताकद येते, ते सुकलेलं असतं असं नाही. चांगल्या हवेत ढोबळ हिशोब एका इंचाला एक महिना असा धरतात. चार इंची कोबा ऑक्टोबरात घातला तर तो सुकायला फेब्रुवारी उजाडतो, आणि आपली हवा "चांगली हवा" नाही. त्यापेक्षा एक हंगाम उघडा वापरा.

*हवा: दवाचा हिशोब*

कोबा कोरडा असला तरी हवा ओली असेल तर काम बिघडतं. पावसाळ्यात सकाळी फरशीला घाम फुटतो ना, तसा पातळ पाण्याचा पापुद्रा लावायच्या वेळी फरशीवर असेल तर इपॉक्सी कोब्याला न चिकटता पाण्याला चिकटतं. डोळ्याला तो पापुद्रा दिसेलच असं नाही.

नियम असा: फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. दवबिंदू काढायची सोपी युक्ती सांगते. आर्द्रता १०० पेक्षा जितकी कमी, तिला ५ ने भागा आणि ते हवेच्या तापमानातून वजा करा. दमट हवेत हा हिशोब पुरेसा जवळ येतो.

आजची हवा धरा: तापमान २८, आर्द्रता ९२. शंभरला ८ कमी, भागिले ५ म्हणजे दीडच्या आसपास. दवबिंदू साडेसव्वीस. तुमच्या सावलीतल्या कोब्याचं तापमान २६-२७ असणार. म्हणजे फरशी दवातच आहे. आता जानेवारीची दुपार: तापमान ३०, आर्द्रता ६०. शंभरला ४० कमी, भागिले ५ म्हणजे ८. दवबिंदू २२. फरशी २७ असली तरी ५ अंशांची मोकळीक. काम याच दिवसात करायचं.

बागेत हवामान यंत्र असलेल्या सभासदांना तापमान-आर्द्रता मोबाइलवर मिळतेच. बाकीच्यांना छोटं आर्द्रतामापक पुरतं, काजू साठवणीलाही कामी येईल.

म्हणून आपल्या भागासाठी काळ कुठला? माझ्या मते डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर. त्यानंतर काजू सुरू, मग आंबा, शेड मोकळी मिळणार नाही. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात दुसरी अडचण: तापमान १० अंशांनी वाढलं की बादलीतलं मिश्रण साधारण निम्म्या वेळात घट्ट होतं. कामगार घाई करतात, रोलरचे पट्टे राहतात.

थंडीतही रात्री दव पडतं, हे विसरू नका. पहाटे मोहोरावर दव बघतो तेच शटरच्या फटीतून आत येतं. काम सकाळी दव उडाल्यावर सुरू करून दुपारपर्यंत आटपलं की संध्याकाळच्या गारव्याआधी थर जरा धरतो. रात्री शटर बंद, फटींना गोणपाट. आत शेगडी, गॅस, कोळसा, काहीही पेटवून "गरम" करायचं नाही. जळण्यातून वाफ आणि कार्बन वायू निघतो, त्या दोन्हींनी हार्डनर बिघडतो आणि वर तेलकट, पांढुरकी साय येते. शेजारी काजूचा वाफेचा कुकर चालू असेल तर त्या दोन दिवसांपुरता बंद ठेवा. अशी साय आलीच तर दुसरा हात मारण्याआधी कोमट पाणी आणि साबणाने धुऊन, पूर्ण सुकवून घ्यावी लागते. सायीवर मारलेला दुसरा हात सायीसकट निघतो.

*घासाई: इथे पैसे वाचवू नका*

इपॉक्सीची अर्धी किंमत घासाईत आहे असं समजा. कोब्यावरचा गुळगुळीत सिमेंटचा पापुद्रा हिऱ्याच्या चकतीच्या ग्राइंडरने उतरवून खडबडीत, बारीक सॅंडपेपरसारखा पोत आणायचा असतो. मग व्हॅक्युमने धूळ. झाडूने झाडलेली धूळ छिद्रात बसते, ती चालत नाही. काही जण ॲसिड टाकून धुतात. स्वस्त आहे, पण ॲसिड नीट धुतलं गेलं नाही तर तेच थराखाली राहतं, आणि धुण्यासाठी ओतलेलं पाणी सुकायला पुन्हा दिवस जातात. आपल्याकडे मला ते पटत नाही.

घासाई झाल्यावर कोब्यावर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. पाणी पसरून शोषलं गेलं तर ठीक. कमळाच्या पानावरच्यासारखा थेंब तसाच राहिला तर तिथे तेल आहे. काजू टरफलाचं तेल, इंजिन ऑइल, स्प्रे पंपाचं तेल, सगळं कोब्यात खोल मुरतं. ते काढल्याशिवाय प्रायमर नाही.

घासणाऱ्या कामगारांना मास्क द्या, ती धूळ फुप्फुसाला वाईट. हार्डनर उघड्या हाताला लागला की काहींना कायमची ॲलर्जी बसते, तेव्हा हातमोजेही.

*डब्यांचा हिशोब*

इथे मला सगळ्यात जास्त फसवणूक दिसते, आणि पकडायला सोपी आहे. १ चौरस मीटरवर १ लिटर ओतलं तर १ मिलिमीटर जाडी होते. १०० चौरस फूट म्हणजे ९.३ चौरस मीटर. म्हणजे १०० चौरस फुटाला १ मिमी जाडीसाठी ९.३ लिटर माल लागतो.

तुमचं गॅरेज १० बाय १८, म्हणजे १८० चौरस फूट, १६.७ चौरस मीटर. ठेकेदाराने "२ मिमी सेल्फ लेव्हलिंग" लिहून दिलं तर जवळजवळ साडेतेहतीस लिटर माल यायला हवा. "३०० मायक्रॉनचं कोटिंग" लिहिलं तर ५ लिटर. दोन मिमीचा दर लावून दहा लिटरचे डबे घेऊन आला तर तिथेच हिशोब मांडा. हा हिशोब न उडणाऱ्या मालाचा आहे. पाण्याचा किंवा थिनरचा माल असेल तर त्यातला काही भाग उडून जातो, डब्यावर घन भाग किती टक्के ते लिहिलेलं असतं. ५० टक्के असेल तर माल दुप्पट लागणार. वर थिनर टाकून वाढवायचा तर मुळीच नाही.

डबे सीलबंद यावेत, तुमच्यासमोर फुटावेत, उत्पादनाची तारीख बघा, रिकामे डबे मोजून ठेवा. रेझिन-हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलं तेच. "जरा जास्त हार्डनर घातला की लवकर पिकतं" म्हणणारे भेटतील. जास्त युरिया घातला की भात लवकर पोसवतो का? तसंच ते. प्रमाण चुकलं की थर चिकट राहतो नाहीतर ठिसूळ होतो.

*गाडी आणि ऊन*

मुंबईहून गोवा महामार्गाने सात-आठ तास चालून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. पातळ, स्वस्त थरावर ती गाडी रात्रभर उभी राहिली की टायर थंड होताना थराला धरून ओढतो आणि सकाळी चार टायरखाली चार ठसे निघून येतात. म्हणून जिथे रोज गाडी असेल तिथे ३०० मायक्रॉनवर भागवू नका, आणि ताज्या थरावर किमान ७ दिवस गाडी नाही. पायी चालायला साधारण एक दिवस. गणपतीआधी चार दिवस काम आणि चवथीला गाडी आत, हे गणितच बसत नाही.

शटरसमोरच्या उन्हाच्या पट्ट्यात इपॉक्सी पिवळं पडतं आणि भुकटी सुटते. तो इपॉक्सीचा स्वभाव आहे. तिथे वरून पॉलियुरेथेनचा हात लागतो. आणि गुळगुळीत इपॉक्सी ओल्या पायाला बर्फासारखं घसरतं. पावसात बाहेरून भिजून येणाऱ्या घरात वरच्या थरात बारीक क्वार्ट्झची वाळू पेरून घ्या. झाडायला जरा त्रास होतो, पण घरात म्हातारी माणसं आहेत.

*अन्न परवाना असणाऱ्यांनी हे वाचाच*

काही ठेकेदार सांगतात की परवान्यासाठी इपॉक्सी सक्तीचं आहे. अन्न सुरक्षा परवाना-नोंदणीच्या २०११ च्या नियमांतली अनुसूची ४ फरशी-भिंती सुस्थितीत, गुळगुळीत, साफ करायला सोप्या आणि पोपडे न निघणाऱ्या असाव्यात असं सांगते. म्हणजे तपासणीला आलेल्या माणसाला साधा, घट्ट, धुता येणारा कोबा चालू शकतो, पण फोड आलेलं, सोललेलं इपॉक्सी चालणार नाही. शिवाय तो पोपडा उडून काजूगरात गेला तर ग्राहकाच्या पाकिटात रंगाचा तुकडा. एका पाकिटाची तक्रार आपल्या सगळ्यांच्या मालाला लागते, कारण नाव एकच आहे. आणि नव्या इपॉक्सीचा वास पूर्ण जाईपर्यंत, आठवडाभर तरी, आंबा किंवा काजूगर त्या खोलीत ठेवू नका. काजूगर वास पटकन धरतो.

*इपॉक्सी नको ठरलं तर*

ओली जागा असेल तर वाफ अडवणारं काहीच घालू नका. यंत्राने घासून सिलिकेटचं हार्डनर पाणी मुरवलेला कोबा धूळ सोडत नाही, धुता येतो आणि खालची वाफ बाहेर जाऊ देतो. चकाकी कमी, तेलाचे डाग जरा धरतो. कोटा किंवा शहाबादी फरशी हा जुना उपाय अजूनही चांगला. ओल सांध्यातून निघते, एखादी फरशी फुटली तर तेवढीच बदलता येते. सांधे मात्र भरलेले हवेत, नाहीतर मुंग्या आणि घाण. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त गॅरेजना यातलंच एक पुरेसं आहे. हे ऐकून ठेकेदार नाराज होतील, होऊ द्या.

आधीच इपॉक्सी केलेलं आणि फोड आलेले असतील तर वरून नवा हात मारू नका. नाणं घेऊन फरशीवर ठोकत जा. जिथे पोकळ वाजेल तिथवर खडूने खूण करा. पोकळ भाग कोपऱ्यापुरता असेल तर तेवढा घासून उघडा ठेवा आणि हा पावसाळा त्याचं निरीक्षण करा. सगळीकडे पोकळ असेल तर सगळं घासून काढायला लागेल.

*कागदावर काय असावं*

तोंडी सौदा नको. कुठलं उत्पादन, किती मायक्रॉन किंवा मिलिमीटर, किती हात, घासाई यंत्राने की ॲसिडने, कामाच्या दिवशी कोब्याचा ओलावा किती मोजला, हे सगळं लिहून घ्या. हमीपत्रात "ओलीमुळे आलेला दोष हमीत नाही" अशी ओळ बहुतेक वेळा असते. ती शोधा. असेल तर त्या हमीचा आपल्या भागात काही अर्थ नाही, कारण आपल्याकडे दोष ओलीमुळेच येतो. पैसे टप्प्याने द्या: इसार कागदाची परीक्षा झाल्यावर, दुसरा हप्ता घासाई बघून, तिसरा काम झाल्यावर, आणि एक हिस्सा पुढच्या जुलैअखेरपर्यंत हातात ठेवा. याला तयार असलेला ठेकेदार मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

आत्ता करायचं एवढंच: येत्या दोन-तीन दिवसांत, पाऊस चालू असतानाच, तीन कागद लावा. दुसऱ्या दिवशी काढायच्या आधी प्रत्येकाचा फोटो घ्या, मग उलटून खालच्या बाजूचा आणि खालच्या कोब्याचाही. फोटोसोबत गाव, कागद कुठल्या भिंतीकडे होता आणि कोबा साधारण कोणत्या वर्षी घातला, एवढं लिहून याच नंबरवर पाठवा. फोन केलात तरी चालेल, पण दुपारी दोननंतर करा, सकाळी मी बागांमध्ये असते.

— आपल्या कंपनीची कृषी सल्लागार